साहेब दचकतात

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज दिवसभरात माणसांशी झालेलं बोलणं लिहून ठेवतो. जागा फार लागणार नाही. दूधवाला: "एकच ना?" मी: "एकच." जिन्यात समोरच्या काकू: "बाळाची आई कुठंय?" मी: "ट्रेनिंगला." काकू: "अगं बाई." संपलं. बाकी सगळं संभाषण साडेपाच महिन्यांच्या साहेबांशी. त्यांच्याकडून उत्तर म्हणून लाळ मिळते.

साहेब म्हणजे आमचे चिरंजीव. कागदोपत्री चांगलं नाव ठेवलंय, पण घरात साहेबच. हुकूम सोडतात आणि काडीचं काम करत नाहीत, मग दुसरं काय म्हणायचं? ही, म्हणजे बायको, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. आता तिथली प्रमुख व्हायची संधी आलीय, पण त्याआधी तीन महिन्यांचं ट्रेनिंग, बसने चार तास लांबच्या शहरात, आणि होस्टेलवर मूल चालत नाही. आठवडाभर घरात खल झाला. शेवटी मीच म्हणालो, "तू जा. मी बघतो त्याचं." चांगला तोऱ्यात म्हणालो. लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि कामावरच्या जोडीदाराला सांगून आलो, "अरे, एवढ्या लिफ्टा सांभाळल्या, एक पोर काय जड आहे?"

आता कळतंय. लिफ्ट निदान बंद करून घरी जाता येतं.

आईचं म्हणणं फोनवर रोजचं ठरलेलं. "बायकोला धाडलंस आणि स्वतः पाळणा धरलास. बरं बाबा, तुमचं तुम्ही जाणा."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

साहेब झोपेत दचकतात.

कारण उघड आहे. आम्ही राहतो पहिल्या मजल्यावर आणि बरोबर आमच्या खाली झाकणवाल्याचं वर्कशॉप. माणूस डब्यांची पत्र्याची झाकणं करतो. त्याचं प्रेस मशीन धप्प करून खाली येतं, एक झाकण पडतं, परत धप्प. लग्न झाल्यापासून ऐकतोय, आमच्या कानांना आता जाणवतही नाही. पण साहेबांचे कान नवे कोरे. दुपारी झोपले की थोड्या वेळाने दोन्ही हात एकदम वर उडतात, मान पुढे झुकते, गुडघे पोटाशी येतात. क्षणभरच. मग सगळं सैल पडतं. मग परत. असं पाच-सहा वेळा होतं, मग जागे होऊन रडतात.

आज मुद्दाम बसून पाहिलं. धप्प होतं आणि हात उडतात. कधीकधी हात आधी उडतात आणि धप्प नंतर होतं. तो आधीच्या धप्पचा परिणाम असणार. लहान बाळाला सगळंच जरा उशिरा पोचतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज मी माणसात आलो. हातात पाना होता, गुडघ्यावर काळं होतं, तोंडात शिवी होती. वा.

लिफ्टची तक्रार आली की आमच्या धंद्यात मशीनला पहिला हात लावत नाहीत. आधी बाहेरचं बघायचं. वीज नीट येतेय का, दरवाजाच्या खाचेत खडा अडकलाय का, कुणी दांडगट पाय घालून उभा आहे का. दहातल्या नऊ तक्रारी दरवाजाच्याच निघतात, मशीन बिचारं निर्दोष असतं. नवा पोरगा कामाला लागला की उत्साहाने मशीन उघडून बसतो आणि अर्धा दिवस घालवतो. मी असल्यांचे कान पिळलेत.

तेव्हा साहेबांकडे न बघता मी साहेबांच्या खाटेकडे बघितलं. खाटेच्या चारही पायांखाली जाड रबराचे तुकडे बसवले, मोटरखाली बसवतो तसे. खाट भिंतीपासून हातभर पुढे ओढली. पाण्याचा पेला खाटेवर ठेवून बघितला. धप्प झालं तरी पाणी हललं नाही. हे काम कंपनीत केलं असतं तर साहेबलोकांनी पाठ थोपटली असती. इथल्या साहेबांनी रबर चाटायचा प्रयत्न केला.

हिला फोनवर सांगितलं, खाटेला रबर लावलं. ती म्हणाली, "कशाला?" मी म्हटलं, "खालचा आवाज फार." दचकण्याचं बोललो नाही. तिची परीक्षा आहे परवा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

साहेबांना सर्दी. मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर बाई बऱ्या आहेत, बापाला बघून "आई नाही आली?" असं न विचारणारी ही गावातली एकमेव बाई असावी. छाती तपासली, वजन केलं, नाकात घालायचे थेंब दिले.

मी विचारलं, "आमच्या खाली प्रेस मशीन आहे. त्या आवाजाने बाळाच्या कानाला काही होईल का?"

त्या म्हणाल्या, "मजल्याचं अंतर आहे, कानाला काही होणार नाही. हाक मारली की वळून बघतो ना?"

मी म्हटलं, "बघतो." बघतात तसे. हल्ली मूड असला तर.

"मग झालं. अजून काही विचारायचंय?"

मागे रांग होती, एक पोर किंचाळत होतं. "नाही," म्हटलं आणि निघालो. कानाला काही होणार नाही म्हणजे प्रश्न फक्त दचकण्याचा. त्याचा बंदोबस्त मी करतोच आहे. रबर पुरत नाहीये. खाट हलत नाही, तरी हे उडतातच. म्हणजे थरथर नाही, आवाज. आता आवाजाचं बघायला हवं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या बागेत गेलो. एका बाकावर चार बायका, चार बाबागाड्या. मी आमची गाडी घेऊन जवळ उभा राहिलो तर त्यांचं बोलणं पाणी तोडल्यासारखं बंद झालं. एक जण हसली, "सुट्टी का आज?" मी म्हटलं, "रोजच." मग त्या आपापल्या गाड्या हलवत बसल्या. मी दुसऱ्या बाकावर जाऊन बसलो आणि साहेबांना लिफ्टचा ब्रेक कसा लागतो ते समजावलं. जोराने, म्हणजे त्यांनाही ऐकू जाईल.

कामावर असताना मला माणसांचा कंटाळा यायचा. आता एखाद्याने लिफ्ट बंद पडली म्हणून शिव्या घातल्या तरी मी त्याला बसवून चहा पाजीन.

जोडीदाराला फोन केला. तो कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवर होता, वारा घोंघावत होता, म्हणाला, "नंतर करतो रे." केला नाही.

साहेब हल्ली गंभीर झालेत. मागच्या महिन्यात चमचा वाटीवर वाजवला की खदखदून हसायचे. मी दिवसातून दहादा वाजवायचो, निव्वळ त्या हसण्यासाठी. आता वाजवला तर माझ्यावरून नजर घसरून भिंतीकडे जाते. मोठे होतायत. बाप म्हणून एवढ्यातच कंटाळवाणा झालो मी. परवा पालथे पडायला शिकले होते, तेही सोडून दिलं. अंगात आळस फार, हे हिच्या माहेरचं.

संध्याकाळी आईला सहज बोललो की झोपेत दचकतो. "दचकणारच. आईची ऊब नाही. पुरुषाचा हात तो, लाकडाचा," म्हणाली. आणि वर, "मी सांगितलं तेव्हा पटलं नाही कुणाला."

लाकडाचा तर लाकडाचा. हे मी परत कुणाला सांगणार नाही. सांगितलं की सगळे हेच म्हणणार, आणि हिच्या कानावर गेलं की ही ट्रेनिंग टाकून येणार. मग जन्मभर माझं नाव निघणार की याला एक पोर सांभाळता आलं नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज ही आली होती. सकाळच्या बसने.

मी घर चकचकीत केलं होतं, बाटल्या उकळून रांगेत लावल्या होत्या. ही आली आणि साहेबांना छातीशी धरून कितीतरी वेळ उभीच राहिली. साहेब तिच्या खांद्यावरून दिव्याकडे बघत होते. मी म्हटलं, "रुसलेत तुझ्यावर." ती म्हणाली, "हो ना." मग म्हणाली, "दूध आटलं बहुतेक माझं." मी म्हटलं, "बाटलीचं पितो की मस्त." हे बोलायला नको होतं असं आत्ता वाटतंय.

दुपारी साहेब झोपले, मी चहापत्ती संपली म्हणून खाली गेलो. वर आलो तर साहेब खाटेत रडत होते आणि ही स्वयंपाकघरात नळ पूर्ण सोडून बेसिनला धरून उभी. मी म्हटलं, "काय गं?" म्हणाली, "डोकं दुखतंय. बसचा त्रास." मग साहेबांना उचलून घेतलं ते निघेपर्यंत खाली ठेवलं नाही.

सहाच्या बसचं ठरलं होतं. चारच्याच बसने गेली. अभ्यास आहे म्हणाली. दारात चप्पल घालताना तिचं चाललं होतं, "तुला एकट्याला जमतंय ना?"

"अगदी मजेत."

"काही वाटलं तर सांगशील ना?"

"काय वाटायचंय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग जिना उतरली. आवाज बंद होईपर्यंत मी दारात उभा होतो, साहेबांचा हात हलवून टाटा करत. वळून बघितलं नाही तिने.

सोमवार, १७ फेब्रुवारी

राग येतोय. दोन आठवड्यांनी येते काय, डोकं धरते काय, दोन तास आधी पळते काय. तिकडे तिला माणसं आहेत, कॅन्टीन आहे, हसायला-बोलायला मैत्रिणी आहेत. आईपण काय रविवारचं करायचं असतं?

खोडायचं होतं वरचं वाक्य. राहू दे. इथे खोटं लिहून कुणाला दाखवायचंय?

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज झाकणवाल्याशी भांडलो. गेले काही दिवस दुपारी नि सकाळी, दोन्ही झोपांत साहेबांचं हात उडवणं चालू आहे, आणि ते झालं की असं रडतात की काळीज फाटतं. डोक्यात सणक गेली. साहेबांना कडेवर घेतलं आणि तसाच खाली उतरलो.

झाकणवाला साठीचा, अंगाने आडवा, मशीनशेजारी बसून बसून कान अर्धे गेलेले. मी ओरडून म्हटलं, "तुमच्या मशीनमुळे माझं पोर झोपत नाही. दचकून दचकून उठतं."

"काय?"

"दचकतं."

त्याने मशीन बंद केलं. मला वाटलं आता जुंपणार. त्याने हात पुसले, साहेबांकडे पाहिलं, एक बोट पुढे केलं. साहेबांनी धरलं नाही. तो म्हणाला, "आधी नाही का सांगायचं? माझ्या नातवंडांना कधी काही झालं नाही, म्हणून लक्षात आलं नाही. कधी झोपतो हा?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "त्या वेळात नाही चालवणार. पत्रा कापायचं काम करीन, त्याला आवाज नाही. बस?"

भांडायची एवढी तयारी करून गेलो होतो, सगळी फुकट. "उपकार झाले," म्हटलं आणि वर आलो. किती दिवसांनी कुणीतरी माझं पूर्ण ऐकून घेतलं. तेही बहिऱ्याने.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दुपारी मशीन बंद. अशी शांतता की समोरच्या काकूंच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी.

तरी उडाले.

सवय झाली असणार. इतके दिवस धप्पला दचकले, आता धप्प नसलं तरी अंगाला त्याची वाट. लिफ्टमधून उतरल्यावर जमीन हलल्यासारखी वाटते तसं. दोन-चार दिवसांत जाईल.

संध्याकाळी कचरा टाकायला उतरलो तर झाकणवाल्याने हाक मारली, "झोपला ना आज नीट?"

मी म्हटलं, "हो. एकदम नीट."

त्याला इतका आनंद झाला की माझी मानच खाली गेली. मला भीती वाटतेय. कशाची ते माहीत नाही, पण वाटतेय.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

हे हॉस्पिटलमधून लिहितोय. वाकडंतिकडं येतंय.

दुपारी मशीन बंदच होतं. मी खिडक्याही लावल्या. साहेब झोपले. मी खाटेशेजारी जमिनीवर बसलो होतो. तो जागा व्हायला लागला, पापण्या हलल्या, आणि सुरू झालं. हात वर, मान पुढे, गुडघे पोटाशी. सैल. परत. खाली कुणी खोकलंसुद्धा नाही.

लिफ्टच्या मशीनच्या खोलीत एखादा पाइप थरथरायला लागला की आम्ही त्यावर तळवा दाबून ठेवतो. थरथर बाहेरून येत असेल तर हाताखाली मरते. आतून येत असेल तर ती हाताला ढकलते. इतके दिवस मी खाटेला हात लावला, भिंतीला लावला, जमिनीला कान लावला. त्याला नाही लावला. आज त्याचे दोन्ही हात धरले. हळू, पण धरले. म्हटलं दचकतोय, धरलं की थांबेल. दचकलेलं बाळ जवळ घेतलं की शांत होतं, एवढं मलाही कळतं.

थांबलं नाही. त्याने माझे हात ढकलले. त्याने नाही, त्याच्या आतल्या कशाने तरी. एकदा, मग जरा थांबून परत, मग परत, ठरवल्यासारखं. तोंड बघितलं तर डोळे वर गेलेले, चेहऱ्यावर काही नाही, घरात कुणी नसल्यासारखं. मग ते संपलं आणि तो रडायला लागला. मीही.

मोबाईल आधीच काढायला हवा होता. पुढच्या झोपेनंतर परत झालं तेव्हा काढला, एक हात त्याच्या पोटावर ठेवून. चित्र हलतंय, पण सगळं दिसतंय. तसाच घरातल्या कपड्यांवर डॉक्टर बाईंकडे गेलो. रांगेतल्या लोकांना म्हटलं, मला आत जाऊ द्या. माझा चेहरा बघून त्यांनी जाऊ दिलं.

त्यांनी एकदा बघितलं. परत लावलं. तिसऱ्यांदा आवाज बंद करून बघितलं.

"हे कधीपासून?"

"दोनेक आठवडे. मला वाटलं दचकतो. खाली मशीन आहे."

"हसतो का?"

"हसायचा," मी म्हटलं. आणि ते तोंडातून बाहेर पडल्यावर मला ऐकू आलं, मी काय म्हणालो ते.

"मागच्या आठवड्यात आला होतात तेव्हा हे बोलला नाहीत."

"आवाजाबद्दल विचारलं होतं."

"हो. आवाजाबद्दल विचारलं होतंत," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "बाळ झोपेत हातपाय उडवतं, ते बहुतेक वेळा काही नसतं. उठवलं की थांबतं. पण हे असं एकामागून एक, जाग येता येता, धरलं तरी न थांबणारं, हे झटके असू शकतात. मेंदूचा आलेख काढल्याशिवाय नक्की सांगत नाही. पण उद्यापर्यंत थांबू नका. आज जा." त्यांनीच मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला.

रिक्षातून हिला फोन केला. म्हटलं, "साहेबांना हॉस्पिटलमध्ये नेतोय. झटके असतील म्हणतायत."

ती म्हणाली, "निघते."

कसले झटके, कधी, कसं, काहीच विचारलं नाही तिने. निघते एवढंच.

शनिवार, २२ फेब्रुवारी

संध्याकाळची शेवटची बस चुकली, म्हणून ही रात्रीच्या गाडीने पहाटे पोचली. साहेबांच्या डोक्याला वीसेक तारा चिकटवल्या होत्या, वर पट्टी. त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "फेटा बांधलाय माझ्या राजाला," आणि तोंड फिरवलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

सोमवार, २४ फेब्रुवारी

झटकेच आहेत. बाळपणात येणारा एक प्रकार, नाव लांबलचक आहे. मेंदूच्या डॉक्टरांनी आलेखाचा कागद समोर धरला. लिफ्टच्या वायरिंगचे नकाशे मी डोळे मिटून वाचतो, पण हा कागद म्हणजे नुसता गोंधळ, एका रेषेचा दुसरीशी मेळ नाही. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला जो गोंधळ दिसतोय, तोच आजार आहे. हात उडतात ते फक्त बाहेरून दिसणारं. आत हे सारखं चालू असतं, त्यामुळे शिकलेलं मागे पडतं. आधी हे थांबवायचं."

"थांबेल?"

"बऱ्याच मुलांचं थांबतं. आज औषध सुरू करू. दोन आठवड्यांनी परत आलेख काढू."

"उशीर झाला का?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही. "आधी आला असतात तर जास्त बरं. लोक महिने काढतात, तुमचे आठवडे गेलेत. पुढे तो कसा वाढतो ते बघत राहायला लागेल. आज यापेक्षा जास्त सांगितलं तर ती थाप होईल."

बाहेर बाकावर बसलो. मी म्हटलं, "माझी चूक. मी खाटेला रबर लावत बसलो."

ही म्हणाली, "मी पाहिलं होतं."

"काय पाहिलं होतंस?"

"त्या रविवारी. तू चहापत्ती आणायला गेला होतास तेव्हा. तीन वेळा उडाले त्याचे हात. डोळे वर गेले. मशीन बंद होतं रे, रविवार होता."

रविवार होता. हे माझ्या डोक्यात आजपर्यंत आलं नव्हतं. रविवारी झाकणवाला सुट्टीवर असतो.

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, बोलले की ते खरं होईल. आणि मग मला सगळं सोडून परत यावं लागेल." ती नखाने बाकाचा रंग खरवडत होती. "हे दुसरं आधी आलं माझ्या मनात. त्याच्या काळजीच्या आधी हे आलं."

मी उठलो. मी म्हटलं, "म्हणजे तू बघितलंस आणि बस पकडून निघून गेलीस."

"आणि तू रोज बघत होतास."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. नर्सने येऊन गप्प केलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

बोलत नाही आहोत. ती खाटेच्या त्या बाजूला, मी या. औषधाची वेळ झाली की ती हात पुढे करते, मी बाटली देतो.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

औषधाने साहेबांचे गाल फुगलेत, चिडचिड करतात, रात्रंदिवस भूक. झटके कमी नाहीत. तिने ट्रेनिंगला कळवलं, येत नाही म्हणून. फोन ठेवल्यावर मी तिच्याकडे बघितलं. तिने बघितलं नाही.

एकटं असताना वाटायचं, ही इथे असती तर एवढं एकटं वाटलं नसतं. आता इथे आहे.

शनिवार, १ मार्च

कपडे आणायला घरी गेलो. झाकणवाला दारातच होता. "काय, कुठे होतात? मी आपला दुपारचं मशीन बंदच ठेवतोय."

घर रिकामं, आणि या माणसाने पाच-सहा दुपारी मशीन बंद ठेवलं होतं. त्याच्या जवळ जाऊन सांगितलं. सगळं सांगितलं. झटके, हॉस्पिटल, आणि हे की तुमच्या मशीनचा काही दोष नव्हता, उगाच बोललो तुम्हाला.

तो हातातलं झाकण पुसत राहिला. मला वाटलं ऐकू गेलं नाही, परत सांगायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "ऐकलं. माझं मशीन असतं तर फार बरं झालं असतं की हो." मग म्हणाला, "चालू करू?"

"करा."

वर गेलो. पिशवीत झबली भरत होतो तेवढ्यात खाली धप्प झालं. भिंत हलली, खिडकीचं तावदान हललं. रिकामी खाट हलली नाही, काम चोख झालं होतं माझं. तिथे बसून लहान मुलासारखा रडलो. मला सांगायचं नव्हतं कुणाला, कारण सांगितलं की ती परत येईल आणि मी नापास होईन. तिला सांगायचं नव्हतं, कारण सांगितलं की परत यावं लागेल. म्हणजे एकच गोष्ट. दोन टोकांना बसून आम्ही एकच गोष्ट लपवत होतो आणि मध्ये तो झोपला होता.

परत गेल्यावर हे तिला सांगितलं. नीट जमलं नाही सांगायला. ती म्हणाली, "जेवलास का?"

मंगळवार, ४ मार्च

काल फक्त एकदाच झटके आले. डॉक्टर म्हणाले, हुरळून जाऊ नका, आलेख स्वच्छ आला तरच खरं. जाग येताना दोघांनी बघत जा, एकाची नजर चुकते.

आज दुपारी साहेब झोपले. ती त्या बाजूला, मी या. मोबाईल तयार. वॉर्डात कुठेतरी भांडं पडलं, शेजारचं बाळ दचकून रडायला लागलं. आमचं हललं नाही. मग त्याच्या पापण्या हलल्या. हात उघडले, मिटले. एक जांभई दिली. डोळे उघडले आणि छताकडे बघत पडून राहिला.

मी मोबाईल खाली ठेवला.

मग ती म्हणाली, "तुला काही दिसलं?"

सगळं परत मनात आणलं, हात, मान, गुडघे, डोळे.

"नाही. तुला?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही दिसलं," ती म्हणाली. "दिसलं असतं तर सांगितलं असतं."